वर्गातील शारीरिक लक्षणांचे सर्वेक्षण: काय मोजावे, कसे मोजावे आणि काय विचारू नये

नववीचा ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ आणि दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे पाठ सुरू झाले की अनेक शाळांमध्ये मुलांच्या शारीरिक लक्षणांची पाहणी होते. कोणाची जीभ नळीसारखी वळते, कोणाच्या कानाची पाळी सुटी आहे, कोणाचा अंगठा मागे वाकतो, असे विचारून हात वर करायला सांगायचे, फळ्यावर आकडे लिहायचे आणि ‘ज्याची संख्या जास्त ते लक्षण प्रभावी’ (प्रभावी म्हणजे जनुकाची एकच प्रत असली तरी दिसणारे; दोन्ही प्रती लागतात ते अप्रभावी) असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, अशी तिची रूढ रीत आहे. उपक्रम मोलाचा आहे, कारण विज्ञानाच्या तासाला मुलाला स्वतःच्याच शरीराकडे निरीक्षणाचा विषय म्हणून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. मात्र त्यातले शेवटचे वाक्य चुकीचे आहे आणि हात वर करण्याची पद्धतही कच्ची आहे. पुण्यातील साठ मुलांच्या तुकडीला, दोन किंवा तीन तासिकांत आणि जवळजवळ विनाखर्च, हेच सर्वेक्षण नीट कसे घेता येईल ते येथे मांडले आहे.

शिक्षकाने आधी स्वतःपुरते एक स्पष्ट करून घ्यावे. वर्गात बसलेली मुले एकाच पिढीतील आहेत आणि बहुतेक एकमेकांच्या नात्यातली नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे पाहून आपल्याला विविधता मोजता येते, आनुवंशिकता मोजता येत नाही. एखादे लक्षण आई-वडिलांकडून अपत्यांकडे कसे उतरते हे कळण्यासाठी कुटुंबांची माहिती लागते, आणि तीच माहिती आपण मुलांकडून मागू नये असे माझे ठाम मत आहे. म्हणून या उपक्रमाचे दोन स्वतंत्र भाग करावेत. पहिल्या भागात मुलांनी स्वतःच्या वर्गातील विविधता काटेकोरपणे मोजावी. दुसऱ्या भागात शिक्षकाने दिलेल्या काल्पनिक कुटुंबांच्या वंशावळींवरून वारशाचा नियम शोधावा.

घरची माहिती का मागू नये, हे जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण ‘आई-बाबांच्या कानांची पाळी बघून तक्ता भरून आणा’ हा गृहपाठ सर्रास दिला जातो. आपल्या वर्गात दत्तक घेतलेले मूल असू शकते आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नसण्याचीही शक्यता असते. कोणी वसतिगृहात राहून शिकत असते, कोणाचे वडील हयात नसतात, कोणी आजीकडे वाढत असते. तक्त्यातील ‘वडील’ हा रकाना अशा मुलाने काय म्हणून भरावा? त्याहून गंभीर अडचण पुढे येते. पाठात शिकवलेला साधा नियम असा, की दोन्ही पालकांमध्ये अप्रभावी लक्षण असेल तर अपत्यात प्रभावी लक्षण येऊ शकत नाही. एखाद्या मुलीची जीभ वळते आणि आई-वडील दोघांचीही वळत नाही, तेव्हा या नियमावर विश्वास ठेवणारी चौदा वर्षांची मुलगी कोणता निष्कर्ष काढेल, याची कल्पना करून पाहावी. वस्तुतः अशी उदाहरणे अनेक कुटुंबांत नोंदली गेली आहेत आणि चूक त्या नियमाच्या वापरात आहे, त्या घरात नाही.

जिभेच्या लक्षणाची कहाणी वर्गात अवश्य सांगावी. फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला जनुकीय नकाशा १९१३ मध्ये तयार करणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये जीभ वळवणे हे एका प्रभावी जनुकामुळे येणारे लक्षण असल्याचे मांडले. बारा वर्षांनी, १९५२ मध्ये, फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या, म्हणजे एकाच फलित अंड्यापासून जन्मलेल्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांमध्ये एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची वळत नव्हती. जनुके तीच असताना लक्षण वेगळे, याचा अर्थ एका जनुकाची सरळ गोष्ट येथे लागू पडत नाही. स्टर्टेव्हंट यांनी १९६५ मध्ये आपले मूळ म्हणणे उघडपणे मागे घेतले. तरीही जगभरच्या शालेय पुस्तकांतून ते अजून पूर्णपणे गेलेले नाही. एका मोठ्या शास्त्रज्ञाने पुरावा पाहून मत बदलले, हा प्रसंग मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा अधिक काही देऊन जातो.

आता लक्षणे निवडण्याकडे वळू. पाच लक्षणे पुरेत. दहा घेतली तर मोजणी घाईची होते. निवडीची कसोटी अशी, की लक्षण दुसऱ्याला पाहता आले पाहिजे, त्यामुळे कोणालाही कमीपणा वाटता कामा नये आणि त्यातून आजार, जात किंवा कुटुंब यांविषयी काहीही उघड होता कामा नये. कानाची पाळी, जिभेची नळी, अंगठ्याचे मागे वाकणे, बोटांवरील शंख-चक्रे आणि हाताची वीत ही पाच या कसोटीला उतरतात. सहावे म्हणून दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफल्यावर कोणता अंगठा वर येतो ते घेता येईल. एकसारख्या जुळ्यांमध्येही या बाबतीत वारंवार फरक आढळतो, त्यामुळे ‘माणसामाणसांत फरक आहे, म्हणजे तो जनुकांचाच असणार’ हा समज तपासून पाहायला ते उपयोगी पडते.

त्वचेचा वर्ण, डोळ्यांचा रंग आणि वजन हे तिन्ही कटाक्षाने वगळावेत. गोरे-सावळे यावरून आपल्याकडे लहानपणापासून जे ऐकवले जाते ते विज्ञानाच्या तासाला तक्त्यात मांडण्याचे कारण नाही. घाऱ्या डोळ्यांचा उल्लेख पुण्यात निघाला की गोष्ट दोन वाक्यांत आडनावांवर आणि जातीवर येते, हे आपण सगळेच जाणतो. शरीराची मोजमापे घेऊन माणसांच्या प्रतवाऱ्या लावण्याचा इतिहास काळा आहे आणि त्याचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. डेक्कन कॉलेजमध्ये पुढे अनेक वर्षे अध्यापन केलेल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होत्या. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना बळ देणाऱ्या फिशर यांच्या मानवशास्त्र संस्थेत कवट्यांच्या असममितीचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा, अभ्यास करताना, युरोपीय आणि इतर लोकांच्या कवट्यांत अपेक्षिलेला भेद त्यांना मोजमापांत आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. दहावीच्या मुलांना हा प्रसंग समजतो आणि आवडतोही. वर्ण वगळण्याचे कारण त्याच वेळी सांगून टाकावे. सिकलसेल, थॅलेसेमिया, रंगांधत्व अशा बाबी वैद्यकीय आहेत. पाठात त्या शिकवाव्यात, पण सर्वेक्षणात त्यांना जागा नाही.

मोजणीपूर्वीची सर्वांत महत्त्वाची पायरी व्याख्या ठरवण्याची आहे. कानाची पाळी ‘सुटी’ म्हणजे नेमकी कशी? वर्गातील दहा कान पाहिले तरी लक्षात येते, की पूर्ण लोंबणारी आणि गालाला थेट चिकटलेली या दोन टोकांच्या मध्ये बरेच कान असतात. म्हणून तीन खाने करावेत: सुटी, चिकटलेली आणि मधली. शिक्षकाने फळ्यावर तिन्हींच्या आकृत्या काढाव्यात. पाळीचा सर्वांत खालचा बिंदू ती डोक्याला जिथे जोडली आहे त्याच्या खाली असेल तर सुटी, वेगळी लोंबती कडा मुळीच नसेल तर चिकटलेली आणि खात्रीने सांगता येत नसेल तर मधली, असा नियम लिहून द्यावा. हा मधला खाना तांत्रिक सोयीपुरता नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७५,००० लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात कानाच्या पाळीशी संबंधित ४९ जनुकीय स्थाने आढळली. इतक्या जनुकांचा हात लागत असेल तर लक्षण दोनच प्रकारांत का वाटले जात नाही, हे मुलांना आपोआप उमगते. अंगठ्यालाही हेच लागू आहे: कोनमापक लावून मागे वाकण्याचा कोन अंशांत मोजावा आणि वाकतो-वाकत नाही अशी विभागणी टाळावी.

साठ मुलांचे सहा-सहा जणांचे दहा गट करावेत. प्रत्येक मुलाचे निरीक्षण दोन वेगवेगळ्या मुलांनी, एकमेकांची नोंद न पाहता, स्वतंत्रपणे करावे. नोंदपत्रकावर नाव किंवा हजेरी क्रमांक लिहू नये; टोपलीतून चिठ्ठी काढून मिळालेला सांकेतिक क्रमांक लिहावा. ज्याला एखादे लक्षण दाखवायचे नसेल त्याने तो रकाना रिकामा सोडावा आणि त्याला कारण विचारू नये. मुलींनी मुलींचे आणि मुलांनी मुलांचे निरीक्षण केले तर संकोच कमी होतो. शेवटी दोन निरीक्षकांच्या नोंदी किती वेळा जुळल्या ते मोजावे. साठपैकी पंधरा कानांबाबत मतभेद निघाले तर व्याख्या सैल आहे असे समजून ती सुधारावी आणि मोजणी पुन्हा करावी. हा भाग वेळ खातो आणि घाईत तोच गाळला जातो, पण वैज्ञानिक मापन म्हणजे काय हे शिकवण्याची खरी जागा तीच आहे.

शंख-चक्रांसाठी विशेष साहित्य लागत नाही. मऊ पेन्सिलीने कागदावर गडद काळा ठिपका घासून काढावा, त्यावर बोटाचे टोक फिरवावे, बोटावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून ती पांढऱ्या कागदावर लावावी आणि भिंगातून पाहावे. रेषा एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूने परत गेल्या तर शंख, मध्याभोवती गोल फिरल्या तर चक्र आणि एका बाजूने येऊन कमानीसारख्या चढून दुसऱ्या बाजूने गेल्या तर कमान. सर्वसाधारणपणे सर्वांत जास्त बोटांवर शंख, त्याखालोखाल चक्र आणि सर्वांत कमी कमानी आढळतात. साठ मुलांची सहाशे बोटे मोजायला मिळतात, त्यामुळे या लक्षणाचे आकडे इतरांपेक्षा भरवशाचे वाटतात. मात्र एकाच मुलाची दहा बोटे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हे हुशार मुलांना विचारून पाहावे. किती चक्रे असली की राजयोग, असे घरी ऐकलेले मूल वर्गात असतेच. त्याला गर्भावस्थेतील घडामोड सांगावी: बोटांच्या टोकांवर त्या काळात लहान उंचवटे असतात, आणि रेषा उमटतात तेव्हा त्या उंचवट्यांची उंची व आकार कसा आहे यावर नक्षीचा प्रकार बराच अवलंबून असतो. रेषांच्या एकूण संख्येवर जनुकांचा प्रभाव मोठा असतो, तरीही एकसारख्या जुळ्यांचे ठसेसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. एक दक्षता येथे अनिवार्य आहे. आधारपासून बँकेपर्यंत बोटांचे ठसे आज ओळखीचा पुरावा आहेत. म्हणून या एका लक्षणापुरता दोन निरीक्षकांचा नियम सोडून प्रत्येक मुलाने स्वतःचे ठसे स्वतःच तपासावेत, आकडा नोंदवावा आणि तास संपण्यापूर्वी ती पट्टी फाडून टाकावी. ठशांचे किंवा कानांचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही टाकू नये.

वीत मोजणे सोपे आहे: हात फळीवर पूर्ण ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे. त्याचा स्तंभालेख काढला की मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता आकार दिसू लागतो. या वयात मुला-मुलींच्या वाढीचा वेग वेगळा असल्याने दोघांचे आलेख वेगळे काढावेत. येथे उंचीचे उदाहरण तोंडी द्यावे. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित सुमारे १२,००० जनुकीय फरक नोंदले गेले, आणि आहार व आरोग्य यांचा परिणाम त्यावर वेगळा. मेंडेलच्या वाटाण्याची उंच-बुटकी ही विभागणी माणसाला का लागू पडत नाही, ते या एका आकड्यावरून कळते.

चव घेण्याची चाचणी हौस असल्यासच करावी. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी या रसायनाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच लागली नाही. चवीतल्या या फरकामागे मुख्यतः असलेले, सातव्या गुणसूत्रावरील जनुक २००३ मध्ये निश्चित झाले. त्यामुळे रूढ यादीतील एका जनुकाच्या सर्वांत जवळ जाणारे लक्षण हेच. तेथेही ‘थोडे कडू’ म्हणणारी मुले भेटतात. पीटीसी मोठ्या प्रमाणात विषारी असल्याने शाळेत भुकटीपासून द्रावण मुळीच बनवू नये, शैक्षणिक साहित्य विक्रेत्याकडून तयार पट्ट्याच घ्याव्यात. पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि आधी कोरी पट्टी द्यावी, म्हणजे शेजाऱ्याने तोंड वाकडे केले म्हणून कोणाला कडू लागते का ते कळते.

आकडे हाती आले की मुले लगेच तुकडी अ आणि तुकडी ब यांची तुलना करतात. अ मध्ये चिकटलेल्या पाळीची मुले ३० टक्के आणि ब मध्ये ४० टक्के निघाली तर त्यातून काही अर्थ काढावा का? साठ जणांच्या गटात ४० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यात निव्वळ योगायोगाने ६ टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि १२ टक्क्यांपर्यंतचा फरकही आश्चर्याचा नसतो. हे सूत्र न सांगता पटवून देता येते. पिशवीत एकाच आकाराचे ४० लाल आणि ६० पांढरे मणी ठेवावेत. प्रत्येक गटाने न पाहता मणी काढावा, नोंदवावा, परत टाकावा आणि असे साठ वेळा करावे. पिशवी तीच असूनही दहा गटांचे दहा आकडे फळ्यावर वेगवेगळे उमटतात, आणि मग कोणी दोन तुकड्यांच्या फरकावरून मोठे विधान करत नाही.

यानंतर ‘जास्त संख्या म्हणजे प्रभावी’ हा गैरसमज समोर घ्यावा. ही शंका मुलांचीच नाही. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये आखूड बोटांच्या लक्षणावर चर्चा सुरू असताना हाच प्रश्न पुढे आला होता: लक्षण प्रभावी असेल तर लोकसंख्येत तीनास एक या प्रमाणात आखूड बोटांची माणसे का दिसत नाहीत? गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी त्याच वर्षी एका छोट्या पत्रात साध्या गुणाकाराने दाखवून दिले, की प्रभावी असल्यामुळे एखादे जनुक आपोआप पसरत नाही. दुर्मीळ असेल तर, इतर कारणे नसताना, ते पिढ्यानपिढ्या दुर्मीळच राहते. आपल्याकडचे ठळक उदाहरण रक्तगटाचे आहे. ओ हा गट अप्रभावी आहे, तरीही तो आपल्याकडे भरपूर आढळतो. तीनास एक हे प्रमाण दोन संकरित (प्रभावी व अप्रभावी अशी एक-एक प्रत असलेल्या) पालकांच्या अपत्यांचे असते, वर्गाचे किंवा शहराचे नसते, एवढे वाक्य वहीत लिहून घ्यावे.

दुसऱ्या भागासाठी शिक्षकाने चार-पाच काल्पनिक कुटुंबांच्या वंशावळी छापून द्याव्यात. लक्षण म्हणून कानातील मळाचा ओला किंवा कोरडा प्रकार घ्यावा, असे मी सुचवेन. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी तो एका जनुकातील एकाच अक्षराच्या (डीएनएच्या एका घटकाच्या) बदलाने ठरतो हे दाखवले. ओला प्रकार प्रभावी, कोरडा अप्रभावी. वर्गात कानात काडी घालून पाहणे धोक्याचे असल्यामुळे तो प्रत्यक्ष सर्वेक्षणात घेता येत नाही, पण कागदावरच्या वंशावळीसाठी याइतके सरळ उदाहरण मानवी लक्षणांत सहसा सापडत नाही. मुलांना नियम आधी सांगू नये. कोणत्या जोडप्याची सर्व अपत्ये पालकांसारखीच आहेत, कोणत्या घरात पालकांत न दिसणारे लक्षण मुलांत आले, हे पाहून त्यांनीच प्रभावी कोणते ते ठरवावे. ज्यांना जिवंत नमुना हवा असेल त्यांनी गुलबक्षी लावावी. तिच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले येतात आणि तिच्या घराण्याची चौकशी केल्याने कोणाचे मन दुखत नाही.

शेवटच्या वंशावळीत एक कोडे ठेवावे. वडील एबी गटाचे, आई ओ गटाची आणि चाचणीत अपत्याचा गट ओ. पाठातील नियमाप्रमाणे हे अशक्य आहे. मुले ‘चाचणी चुकली’ इथपासून ‘मूल त्यांचे नाही’ इथपर्यंत सर्व काही सुचवतात. मग १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला, ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट सांगावा. ए आणि बी हे प्रतिजन (रक्तपेशींवरील, गट ठरवणारे रेणू) ज्या एच नावाच्या पायावर बनतात तो पायाच या व्यक्तींमध्ये नसतो. म्हणून जनुक ए किंवा बी चे असूनही साध्या चाचणीत गट ओ दिसतो. कोड्यातील आईकडे आणि वडिलांकडेही एच च्या जनुकाची एक-एक निकामी प्रत असेल आणि दोन्ही निकामी प्रती अपत्याकडे आल्या असतील, तर आई-वडिलांचे मूल त्यांचेच असते आणि चाचणीही बरोबर असते. ही मांडणी मुलांकडून फळ्यावर चौकोन काढून करून घ्यावी. दोन जनुकांचा एकत्रित परिणाम त्यांना येथे पहिल्यांदा हाताळायला मिळतो. प्रत्यक्ष रक्त काढून गट तपासण्याचा प्रयोग मात्र वर्गात करू नये. सुईतून संसर्गाचा धोका असतो आणि गट कळताच मुले घरी जाऊन हेच कोडे स्वतःच्या आई-वडिलांवर सोडवू लागतात.

मूल्यमापनासाठी लक्षणांची यादी विचारू नये. एखादा खोटा अहवाल द्यावा, उदाहरणार्थ ‘एका वर्गातील ४२ पैकी ३० मुलांची जीभ वळते, म्हणून जीभ वळणे प्रभावी आहे आणि शेजारच्या शाळेत हे प्रमाण कमी असल्याने तेथील मुलांची जनुके वेगळी आहेत’, आणि त्यातील प्रत्येक चूक कारणासह शोधायला सांगावी. नोंदपत्रके गोळा करून फक्त एकत्रित आकडे वर्गाच्या तक्त्यावर उतरवावेत, पत्रके नष्ट करावीत आणि तक्त्यावर तारीख, इयत्ता व ठरवलेल्या व्याख्या लिहून तो प्रयोगशाळेत जपून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच व्याख्या वापरल्या तर १२० मुलांचे आकडे एकत्र मिळतात आणि मण्यांचा खेळ पुन्हा खेळताना त्यांना साठऐवजी एकशेवीस वेळा मणी काढून फरक किती कमी होतो ते पाहता येते.